पाण्याचा ताळेबंद, मिठाचा ताळेबंद

(हिवरे बाजार इथं आलेल्या तरुणांच्या अभ्यास-सहलीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून चालून तुम्ही दमला आहात. टेकडीवरचे चर पाहिले, बांध पाहिले, विहिरींत डोकावून पाणी पाहिलं. आता जेवणानंतर मला बोलायला उभं केलंय आणि विषय आहे रक्तदाब. इथं बसलेले बहुतेक जण वीस ते पस्तीस वयाचे आहेत. "बीपी हा अब्बूंचा आजार, आम्हाला कशाला सांगता?" हे तुमच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येतंय.

आधी माझी ओळख देतो. मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, शिक्षण इंजिनिअरिंगचं. वय छत्तीस. तेहतिसाव्या वर्षी कंपनीतल्या आरोग्य तपासणीत माझा रक्तदाब १५०/९६ निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, जिने चढताना धाप लागत नव्हती. डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजायला सांगितलं. सरासरी आली १४६/९४. तेव्हापासून मी एक गोळी घेतो आणि काही सवयी पाळतो. आज माझा आकडा १२६/८० च्या आसपास असतो. म्हणजे मी तुमच्यासमोर एक पेशंट म्हणून उभा आहे, आणि आकडे लिहून ठेवायची खोड असलेला माणूस म्हणून.

पाणी बघायला आलेल्या लोकांना मी बीपीबद्दल का सांगतोय? कारण या गावानं पाण्याशी जसं वागायचं ठरवलं, तसंच आपल्याला आपल्या रक्तदाबाशी वागावं लागतं. हे मी उगाच जोडून सांगत नाही. पुढे ऐका, तुमच्या लक्षात येईल.

पाऊस तेवढाच, वागणं वेगळं

हिवरे बाजार नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेच्या पट्ट्यातलं गाव. इथं वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव उतरणीला लागलं होतं. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसं कामासाठी बाहेर गेली, गावात दारूच्या भट्ट्या लागल्या. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढची गोष्ट तुम्ही सकाळी ऐकलीच आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. १९९४ मध्ये आदर्श गाव योजना आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. गावात एकच मुस्लिम कुटुंब आहे आणि त्यांच्यासाठी गावानं श्रमदानातून मशीद बांधली, हेही तुम्हाला सांगितलं गेलं असेल.

या सगळ्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं. विहिरींची पातळी मोजायची. मग ग्रामसभेत बसून हिशेब करायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्या पाण्यात कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. ऊस आणि केळी नाहीत. शेतीसाठी बोअरवेल नाही.

यातून चार गोष्टी घ्यायच्या आहेत. अंदाजानं चालायचं नाही, मोजायचं. आहे त्याचा हिशेब मांडायचा. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा. आणि चांगल्या वर्षीसुद्धा नियम मोडायचा नाही. रक्तदाबाचंही या चार मुद्द्यांवरच चालतं.

आधी मोजा

हृदय म्हणजे मोटर आणि धमन्या म्हणजे पाइपलाइन, असं समजा. हृदय आकुंचन पावतं तेव्हा धमन्यांच्या भिंतीवर जो दाब येतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजत असाल तर सरासरी १३५/८५ च्या वर गेली की डॉक्टरांना भेटायचं.

पाइपलाइनवर वर्षानुवर्षं जास्त दाब राहिला की काय होतं, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायची गरज नाही. जिथं पाइप बारीक असतो तिथं आधी फुटतो. शरीरात बारीक नळ्या मेंदूत आहेत, मूत्रपिंडात आहेत, डोळ्यांच्या पडद्यात आहेत. म्हणून बीपीचा हिशेब पुढे पक्षाघात, डायलिसिस, हार्ट अटॅक आणि अधू नजर अशा रूपात चुकता होतो. तोवर तक्रार काहीच नसते. जगात ज्यांना उच्च रक्तदाब आहे, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो आहे हेच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होतं. या हॉलमधल्या खुर्च्या मोजा आणि हिशेब करा. तुमची वयं कमी आहेत म्हणून इथला आकडा कमी असेल, पण शून्य नसेल.

"मला काही त्रास नाही, म्हणजे बीपी नाही" हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. विहिरीच्या कठड्यावर उभं राहून पाणी किती खाली गेलं ते कळत नाही, दोरी सोडावी लागते.

मोजायची पण रीत आहे, आणि ती बऱ्याच ठिकाणी पाळली जात नाही. दंडावर पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक यंत्र घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगरेट, तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. बाही वर करा, कपड्यावरून पट्टा नको. मोजताना बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. एकच आकडा बघून घाबरू नका, आणि एकच आकडा बघून निर्धास्तही होऊ नका.

यंत्र घ्यायला पैसे नसतील तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जा. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर फुकट तपासायची, हे त्यांचं ठरलेलं काम आहे.

मिठाचा हिशेब

आता ताळेबंद मांडू. रक्तात मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. नळीतलं पाणी वाढलं की दाब वाढतो. मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकायला धडपडतात आणि वर्षांनुवर्षं धडपडून थकतात. हे ढोबळ झालं, पण गाडी याच रस्त्यानं जाते.

मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. दिवसभराचा, सगळं धरून: कालवणातलं, भातातलं, लोणच्यातलं, बिस्किटातलं.

मला ग्रॅममध्ये विचार करता येत नाही, पाकिटात येतो. पाच मोठी माणसं असलेलं घर घ्या. माणशी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. महिन्याला ७५० ग्रॅम. म्हणजे एक किलोचं मिठाचं पाकीट चाळीस दिवस पुरलं पाहिजे. तेही बाहेरचं काही खाल्लं नाही असं धरून.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. नवं पाकीट फोडलं की मार्करनं त्यावर तारीख लिहा. आमच्या घरात चार माणसं: अम्मी, अब्बू, माझी बायको आणि मी. पहिलं पाकीट चोवीस दिवसांत संपलं. भागाकार केला तर माणशी रोजचे दहा ग्रॅमच्या वर गेले. बिर्याणीचा तांदूळ ज्या खारट पाण्यात उकळतो ते पाणी आपण ओतून देतो, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. तरीही मर्यादेच्या दुप्पट म्हणजे दुप्पटच. आता तेच पाकीट चव्वेचाळीस दिवस जातं, माणशी पावणेसहा ग्रॅमच्या आसपास. अजून काम बाकी आहे.

हे कसं जमलं ते सांगतो, कारण "मीठ कमी खा" हा सल्ला सगळे देतात आणि पुढचं कोणी सांगत नाही.

एकदम कमी केलं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. जिभेला नवी चव पटायला दीड-दोन महिने लागतात, त्यानंतर जुनं कालवण खारट लागायला लागतं. दस्तरखानवरून मिठाची डबी उठवली. भाकरीच्या आणि पोळीच्या पिठात मीठ घालणं बंद केलं, भातातही बंद. सोबत कालवण असताना त्याची उणीव भासत नाही. गोश्तला मुरवताना एकदा आणि रश्श्यात एकदा असं दोनदा मीठ पडायचं, ते एकदाच केलं. तयार मसाल्याच्या पाकिटात आधीच मीठ असतं, ते धरून वरचं मीठ टाकायचं. चव राखायला लिंबू, चिंच, लसूण, हिरवी मिरची, भाजलेलं जिरं, कोथिंबीर. नगरी ठेचा आम्ही सोडला नाही, त्यातलं मीठ निम्मं केलं.

पापड, लोणचं, फरसाण, खारी, टोस्ट, पाव, चिप्स, इन्स्टंट नूडल्स हा दुसरा दरवाजा. पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा बघा आणि अडीचनं गुणा, म्हणजे मीठ निघतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं. दिवसाच्या कोट्यातला चाळीस टक्के एका वाटीत गेला. बेकिंग सोड्यातही सोडियमच असतं, भजी आणि बेकरीच्या मालात तो असतो.

सैंधव मीठ, काळं मीठ, गुलाबी मीठ यानं बीपी वाढत नाही, असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्की आला असेल. ते सगळं प्रामुख्यानं सोडियम क्लोराइडच आहे, शिवाय बहुतेकदा त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. उपयोग होतो तो थोडं पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा. चीनमधल्या सहाशे गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीपुढची बीपी असलेली ही माणसं होती. निम्म्या गावांत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरलं. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. गावं आपल्यासारखीच, स्वयंपाक घरचाच. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

पोटॅशियमचा जेवणातला मार्ग सोपा आहे: केळी, पेरू, पालक, शेवगा, मूग, चवळी, दही. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं जास्त आणि चरबी कमी, असा तो आहार. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा त्यानं सुमारे ११ नं उतरला होता. एका गोळीएवढा हा परिणाम आहे. आपल्याकडे मंडईतून आणलेली भाजी आणि मुगाची आमटी हेच काम करते. आठवड्यात गोश्तचे दिवस किती आणि भाजीचे किती, एवढं मोजून बघा.

रमजानबद्दल एक मिनिट, कारण त्या महिन्यात हा सगळा हिशेब कोलमडतो. इफ्तारला समोसा, भजी, पापड, फळांवर चाट मसाला, आणि मग जेवण. दिवसभर पाणी नाही आणि संध्याकाळी मिठाचा मारा. खजूर, कलिंगड, केळी, दही यांनी इफ्तार करा. तळलेलं रोज न करता आठवड्यातून एखाद्या दिवशी करा. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. दिवसातून एकदाची गोळी बहुतेक वेळा सहरीला किंवा इफ्तारला बसवता येते, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर विचार वेगळा करावा लागतो. स्वतःच्या मनानं महिनाभर गोळी बंद करणं हे धोक्याचं आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना ती घ्यायला संकोच वाटतो, तिथं तुम्ही त्यांच्या बाजूनं बोला.

चालणं, झोप आणि मावा

बाकीच्या सवयी भराभर सांगतो. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं. यानं वरचा आकडा ५ ते ८ नं उतरू शकतो. वजन जास्त असेल तर दर किलोमागे साधारण एकेक आकडा उतरतो. आमच्या धंद्यात माणूस दहा तास खुर्चीत असतो. मी कॅमेरा बंद असलेल्या सगळ्या मीटिंगा चालत करतो, गच्चीवर.

रात्रीची झोप सात तास. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांनो, दिवसा झोपा पण पूर्ण झोपा. मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्याचा बीपीशी थेट संबंध असतो.

तंबाखू कोणत्याही रूपात नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो कसा मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मावा, सिगरेट, हुक्का, घरातल्या बायकांची मिश्री, सगळ्यांत निकोटिन आहे. ते प्रत्येक वेळी दाब वर नेतं. आणि एक दुर्लक्षित गोष्ट: अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनानं घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात.

घरची ग्रामसभा

आता मला जे खरं सांगायचंय तिथं येतो.

हिवरे बाजारात बोअरवेल बंदीचा फटका सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याच्याकडे पैसा होता, जो खोल जाऊ शकत होता, त्याला जास्त सोडावं लागलं. तरी नियम टिकला, कारण तो ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरला. एकट्या शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात पाणी वाचवून काही झालं नसतं, खालचं पाणी शेजाऱ्यानं उपसलं असतं.

आपल्या घरात काय होतं? अब्बूंना बीपी निघतं. डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा. अब्बू घरी येऊन अम्मीला म्हणतात, मीठ कमी टाक. दुसऱ्या दिवशी अम्मी दोन भांड्यांत दोन कालवणं करते. एक अब्बूंचं अळणी, एक पोरांचं. आठ दिवसांत अब्बू पोरांच्या भांड्यात हात घालतात. पंधरा दिवसांत दुसरं भांडं बंद होतं. सगळी जबाबदारी स्वयंपाक करणाऱ्या बाईवर, आणि फसलं की बोलणीही तिलाच.

अमेरिकेसारख्या देशात लोकांच्या पोटात जाणारं बहुतेक मीठ कारखान्यातून आणि हॉटेलातून येतं. आपल्याकडे मोठा वाटा घरच्या चुलीवर पडतो. म्हणजे निर्णय आपल्या हातात आहे, फक्त तो एका माणसाचा पथ्यपाण्याचा निर्णय राहता कामा नये. सगळ्या घराचं एकच भांडं आणि त्यात एकच कमी मीठ. तुमच्या पोरांनाही तेच. एक संध्याकाळ सगळे बसा, पाकिटावरची तारीख समोर ठेवा आणि ठरवा. ज्याला खारट सगळ्यांत जास्त आवडतं त्याला जास्त सोडावं लागेल.

आणि त्या संध्याकाळी आणखी एक काम करा. अम्मीचा रक्तदाब मोजा. मी अनेक घरांत विचारलंय. अब्बूंचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, अम्मीचा कोणालाच सांगता येत नाही. शेवटचा कधी मोजला? "धाकट्याच्या बाळंतपणात." धाकटा आज इंजिनिअरिंगला आहे. इथं बसलेल्या मुलींनो, गरोदरपणात प्रत्येक तपासणीला बीपी मोजून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढणं, जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून. ज्यांना बाळंतपणात बीपी झालं होतं, त्यांना पुढे ते पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, त्यांनी दरवर्षी मोजावं. आणि बीपीची औषधं चालू असलेल्या बाईनं मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावं, टेल्मिसार्टनसारखी काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

चालण्याचंही असंच. "रोज अर्धा तास चाला" असं सांगणाऱ्यानं आपल्या मोहल्ल्यातली गल्ली पाहिलेली नसते. पुरुष निदान मशिदीपर्यंत जाऊन येतात, चौकात उभे राहतात. बायकांनी चालायचं कुठे? हा एकेका बाईच्या इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, जागेचा आहे. नगरपालिकेच्या, उर्दू शाळेच्या मैदानाचं फाटक सकाळी दोन तास बायकांसाठी उघडा, असा अर्ज तुम्ही दहा जण मिळून देऊ शकता. मोर्चे आपण खूप काढतो. हा अर्ज छोटा आहे, पण त्यानं खालांचे आणि दादींचे गुडघे आणि बीपी दोन्ही सुधारतील.

चांगल्या वर्षीही नियम तोच

शेवटचा मुद्दा गोळीचा. सवयी सुधारल्या की काहींना गोळी लागत नाही, काहींची कमी होते, आणि बऱ्याच जणांना सवयींसोबत गोळी लागतेच. मला लागते. त्यात हरल्यासारखं काही नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते एका वाक्यानं: "आता नॉर्मल आलंय, गोळी बंद केली." अहो, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. पाऊस बरा झाला म्हणून हे गाव बोअरवेलची बंदी उठवत नाही. विहिरी भरलेल्या दिसतात त्या बंदीमुळे, हे इथल्या शाळकरी पोराला कळतं. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनी आकड्यांचा कागद बघून ठरवायचं. "गोळीची सवय लागते" असंही म्हणतात. सवय लागत नाही, आजार राहतो म्हणून गोळी राहते. ॲम्लोडिपिनसारखी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आणि जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

सरकारी व्यवस्थेतून हे होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्यात जादू काही नव्हती. औषधांचा एकच ठरलेला क्रम, साठा संपू न देणं, नर्सनं बीपी मोजून नोंद करणं, पेशंट आला नाही तर फोन करणं. नोंदीसाठी सिंपल नावाचं ॲप आणि पेशंटच्या हातात क्यूआर कोडचं कार्ड. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार आवडली: यश मोजायचं ते किती शिबिरं घेतली यावर नाही, तर नोंदलेल्या किती लोकांचा आकडा १४०/९० च्या खाली आला यावर. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आपणही शिबिरं घेतो. फोटो काढतो, फळं वाटतो, दोनशे जणांची बीपी मोजतो आणि घरी जातो. ज्या चाळीस जणांचा आकडा जास्त निघाला त्यांचं पुढे काय झालं, हे सहा महिन्यांनी कोणाला सांगता येतं का? म्हणून माझी विनंती शिबिराची नाही, वहीची आहे. प्रत्येकानं दहा माणसं घ्या. घरची, गल्लीतली, तिशीच्या वरची. निम्म्या बायका असू द्या. नीट मोजा, त्यांना विचारून वहीत लिहा, ती वही कोणाला दाखवू नका. आकडा जास्त आला त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. मग दर महिन्याला त्याच दहा जणांचा पुन्हा मोजा. सहा महिन्यांनी बघा, किती जण १४०/९० च्या खाली आहेत.

आणि हे कायमचं लक्षात ठेवा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, प्रचंड डोकेदुखी. किंवा तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, मग आकडा कितीही असो. अशा वेळी लिंबूपाणी, नजर काढणं, सकाळपर्यंत थांबणं, काही नाही. लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला वेळ रस्त्यात जातो.

आता बाहेर जाताना दाराजवळच्या टेबलावर दोन यंत्रं ठेवली आहेत. पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आहे, म्हणून रांग लावा, गडबड करू नका. चहा मोजून झाल्यावर मिळेल.